गुणपत्रिका कोणाच्या मालकीची?

शिक्षणाचा हक्क घटनेत गेला. शिक्षण घेतल्याच्या पुराव्याचा हक्क मात्र अजून कचेरीच्या कपाटात पडून आहे. १९६५ च्या कायद्याने महाराष्ट्रात माध्यमिक परीक्षांची मंडळे आली. शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरच्या अर्जाची वाट ठेवण्यात आली. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय निघाले, पुढे राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही झाले. हे सारे स्वागतार्हच होय. परंतु समकक्ष परीक्षा उत्तीर्ण होणे हे अर्धेच काम. उत्तीर्ण झाल्याचा कागद हाती असणे हे उरलेले अर्धे.

इंदापूर तालुक्यातील बावड्याचे उदाहरण घ्यावे. दलितांवरील सामाजिक बहिष्कारामुळे १९७२ साली या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. गावाने टाकलेला बहिष्कार निदान डोळ्यांना दिसतो. कागदाअभावी पडणारा बहिष्कार दिसतही नाही. उसाच्या फडात राबून ज्यांनी बाहेरून दहावी-बारावी केली, त्यांच्या घरी लोखंडी कपाट नसते. छप्पर गळते, बिऱ्हाड हलते, गुणपत्रिका जाते. दुय्यम प्रत हवी तर विभागीय मंडळ पुण्यात, सुमारे दीडशे किलोमीटरवर. अर्ज शाळेमार्फत करावा, तर १७ नंबरवाल्याचा शाळेशी संबंध केवळ अर्जापुरता! शुल्क थोडे असेल. पण बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि पुन्हा मारावे लागणारे हेलपाटे यांची बेरीज कोणत्या पावतीवर येते? अर्थशास्त्राच्या भाषेत हा गरिबावरचा चढा कर आहे आणि तो कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही.

या कागदाचे मोल मोठे आहे. २०२३ मध्ये राज्याने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या भरतीसाठी बारावीची अट घातली. आखातात मजुरीला जाणाऱ्याच्या पारपत्रावर स्थलांतर तपासणीचा शेरा राहणार की नाही, हेही दहावीच्या पुराव्यावर ठरते.

डिजिलॉकर आहे की, असे उत्तर मिळते. पण लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे आधारवरील नाव आणि जुन्या गुणपत्रिकेवरील नाव जुळत नाही, तेव्हा यंत्र निमूटपणे नकार देते आणि तिची पुन्हा खिडकीकडे रवानगी होते. बनावट कागदांचा धाक सांगितला जातो, तोही फसवा आहे. बनावटगिरी पोसली जाते ती खरी प्रत दुर्मिळ असल्यामुळे. मूळ नोंदवही मंडळाकडेच आहे; ती पाहून खातरजमा मंडळाने करावी. स्वतः नोंदलेली गोष्ट शासनाने नागरिकाकडून सिद्ध करून का मागावी?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. दुय्यम प्रतीचा अर्ज ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातच घेतला जावा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार मुदत, अपील आणि दंड यांचा फलक तेथे लागावा. श्रमिकांना पहिली दुय्यम प्रत विनाशुल्क मिळावी. नावातील फरक विवाहाच्या पुराव्यावर गावातच मिटावा. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत बसून अशा अडलेल्या माणसांची यादी करावी आणि ती घेऊन तहसीलवर जावे. एकेकट्याचा अर्ज फायलीत गडप होतो. शंभरांचा मोर्चा गडप करता येत नाही.