प्योंगयांगमधली एक संध्याकाळ

जानेवारी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून कोरियाचे एक छायाचित्र टिपले गेले. वेळ रात्रीची. दक्षिण कोरिया दिव्यांनी लखलखत होता, वरच्या बाजूला चीनही उजळला होता. या दोघांच्या मध्ये मात्र काळाकुट्ट पट्टा, जणू तिथे जमीन नसून समुद्रच पसरला आहे. त्या काळोखात ठळक दिसणारा एकच ठिपका होता, तो उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांगचा.

सुमारे ३० लाख वस्तीच्या या शहरात संध्याकाळ झाली की लोक करतात तरी काय? सैनिकांची संचलने आणि नेत्यांचे उंच पुतळे आपण टीव्हीवर पाहतो. पण संचलन काही रोज नसते. माणूस म्हटला की कामावरून सुटल्यावर त्याला चार घटका करमणूक हवीच. २०२० पूर्वी तिथे जाऊन आलेल्या प्रवाशांना विचारा, रात्रीच्या करमणुकीच्या यादीत ते हमखास एक नाव घेतील: बोलिंग!

आपली लगोरी आठवते ना? बोलिंग म्हणजे तिचाच थाटामाटातला भाऊ. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि ६० फुटांवर त्रिकोणात उभ्या केलेल्या बाटलीच्या आकाराच्या १० पिना पाडायच्या. एका चेंडूत दहाही पडल्या तर तो ‘स्ट्राइक’. सगळे स्ट्राइक पडले तर ३०० गुण, त्याहून जास्त नाहीतच. चेंडूचे वजन सव्वासात किलोपर्यंत असू शकते. म्हणून ताकदीपेक्षा नेम आणि मनगटाचे वळण महत्त्वाचे. एरवी घरात घागरही न उचलणारे गृहस्थ इथे छाती पुढे काढून येतात आणि चेंडू सरळ बाजूच्या खोबणीत घालवतात!

प्योंगयांगचे ‘गोल्ड लेन’ हे बोलिंग केंद्र तैदोंग नदीच्या पूर्वेकडच्या भागात आहे. तिथे ४० च्या आसपास पट्ट्या आहेत. जवळच नदीतल्या बेटावर यांगाकदो हे ४७ मजली हॉटेल आहे. परदेशी पाहुण्यांना बहुधा तिथेच उतरवत. त्याच्या तळघरातही छोटेसे बोलिंग होते आणि वरच्या टोकाला फिरते उपाहारगृह.  पाहुण्याला एकट्याने शहरात भटकण्याची परवानगीच नव्हती. सोबतीला दोन सरकारी मार्गदर्शक सदैव असत. रात्री पुलापलीकडे पाऊल टाकायचे नाही. म्हणूनच गोल्ड लेनची ती एक संध्याकाळ प्रवाशांच्या मनात घर करून राही. दिवसभर स्मारके पाहायची, पुतळ्यांपुढे वाकायचे, आणि रात्री अचानक साध्या माणसांच्या शेजारच्या पट्टीवर उभे राहायचे!

तिथले दृश्यही अगदी ओळखीचे. कोणी तरुण शेजारणीवर छाप पाडायच्या नादात चेंडू भलतीकडे सोडतो, कोणी स्ट्राइक पडल्यावर टाळ्या पिटतो. सोबतीला तैदोंगगांग नावाची स्थानिक बीअर असते. तिचीही गंमत ऐका. ती बनवणारा कारखाना मुळात इंग्लंडमधल्या ट्रोब्रिज गावचा. तो बंद पडल्यावर २००० साली सरकारने तो विकत घेतला, सुटा करून बोटीने आणला आणि २००२ पासून इथे बीअर तयार होऊ लागली.

हे सारे पाहून अनेक प्रवाशांना एक शंका येई. ही माणसे खरीच खेळायला आली आहेत की आपल्याला दाखवण्यासाठी आणून बसवली आहेत? शंका येणे साहजिकच. ज्या देशात पाहुण्याला काय दिसावे हे आधी ठरते, तिथे हसण्यावरही विश्वास बसत नाही.

पण जरा विचार करा. शेवटची डगमगणारी पिन पडली की चेहऱ्यावर जे उमटते, ते शिकवून येत नाही. हसू खरे असेल. प्रश्न वेगळाच आहे: ते हसू त्या संध्याकाळी कोणाच्या वाट्याला येते? प्योंगयांगमध्ये राहायलाच सरकारची मंजुरी लागते आणि ती घराण्याची निष्ठा पाहून दिली जाते. बाहेरच्या प्रांतातल्या नागरिकाला राजधानीत यायचे तरी परवाना हवा. १९९० च्या दशकात त्या देशात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे भुकेने गेली. म्हणजे त्या चेंडूच्या खडखडाटात सहभागी होणारे थोडे भाग्यवान. बाकीचे त्या छायाचित्रातल्या काळ्या पट्ट्यात. खेळणाऱ्याला यासाठी दोष देण्याचे कारण नाही. त्याने हे नियम केलेले नाहीत, आणि थकल्यावर दोन तास हसण्याचा हक्क त्यालाही आहेच.

ती संध्याकाळ पाहण्याची वाटही जवळजवळ बंद झाली. जानेवारी २०२० मध्ये कोविडच्या भीतीने देशाने सीमा मिटून घेतल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियन पर्यटकांना प्रवेश मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रासोन हा सीमेलगतचा भाग पाश्चात्त्य पर्यटकांसाठी उघडला, पण काही आठवड्यांतच पुन्हा बंद झाला. एप्रिल २०२५ मध्ये मॅरेथॉनसाठी परदेशी धावपटू प्योंगयांगला जाऊ शकले, एवढेच.

आपल्याकडे मुले म्हणतात, “आई, आज बाहेर जाऊ या ना!” आपण कधी पैशांचे, कधी उशिराचे कारण सांगतो, पण परवानगी घरातल्या मोठ्यांची लागते, सरकारची नाही. कोठे जायचे, कोणाशी बोलायचे, किती वाजता परतायचे हे आपण ठरवतो. रात्री दहा वाजता चौकात भेळ खाताना ही गोष्ट ध्यानातही येत नाही, आणि तशीच ती यावी. स्वातंत्र्य अंगवळणी पडले की त्याची आठवण होत नाही, म्हणून तर ते मोठे असते.