पळून गेलेल्या गाडीचे देणे

वाचकहो, दिवाळी अंकात आपल्याला कथा हव्या असतात, कविता हव्या असतात, आणि राशिभविष्य तर हवेच हवे. अशा ताटात कायद्याचा विषय वाढणे म्हणजे चकलीशेजारी काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण आमच्या कोकणात नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावून मगच फराळाला बसतात. या सदराचा मान तेवढाच समजा. एकदा जीभ कडू करून घ्या, मग खुशाल करंजीकडे वळा.

मी ज्या तालुक्याच्या गावी वकिली करतो, त्या गावाच्या अंगावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. साहजिकच माझ्या टेबलावर बांधाच्या भांडणांइतकेच अपघातांचे कागद येतात. त्यातल्या दोन प्रकरणांविषयी आज लिहितो. एकात गाडी सापडलीच नाही. दुसऱ्यात गाडी सापडली, पण तिचा विमा नव्हता.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक बाई आपल्या दिराला घेऊन माझ्याकडे आल्या. नवरा गवंडीकाम करणारा, वय चौतीस. संध्याकाळी काम आटोपून महामार्गाच्या कडेने चालत घरी येत असता मागून कसलेसे वाहन आले आणि त्याला उडवून अंधारात निघून गेले. पाहणारा कोणी नाही, नंबर नाही, रंगसुद्धा ठाऊक नाही. घरात म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी दोन मुले. बाईंनी पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि विचारले, "वकीलसाहेब, गाडीचा पत्ताच नाही. मग दावा लावायचा तरी कुणावर?"

हा प्रश्न अडाण्याचा नव्हे. चांगले शिकलेले लोकही इथेच थबकतात. आपली समजूत अशी की, देणेकरी पळाला म्हणजे देणेही पळाले. सन 1982 पर्यंत ती समजूत जवळजवळ खरीच होती. आपल्या देशात वाहनाचा विमा सक्तीचा झाला 1946 साली, आणि अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आली 1956 च्या दुरुस्तीने. पण या दोहोंचा उपयोग धडक देणारी गाडी सापडली तरच. न सापडलेल्या गाडीसाठी कायद्यात जागा झाली ती 1982 साली. रक्कम ठरली मृत्यूबद्दल पाच हजार रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल एक हजार. 1994 साली ती पंचवीस हजार आणि साडेबारा हजार झाली आणि तिथेच अठ्ठावीस वर्षे बसून राहिली. 1 एप्रिल 2022 पासून नवी योजना आली. तीनुसार मृत्यूबद्दल 2 लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल 50 हजार रुपये मिळतात.

हे पैसे मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही आणि चूक कोणाची होती हे सिद्ध करावे लागत नाही. अर्ज जातो तो महसूल खात्याकडे. तहसीलदार किंवा प्रांत, ज्यांना या कामी चौकशी अधिकारी नेमले असेल, त्यांच्याकडे ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा. सोबत पोलिसांतील एफआयआरची नक्कल, मृत्यू असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल, दुखापत असेल तर डॉक्टरांचा दाखला, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि एक हमीपत्र. चौकशी अधिकाऱ्याने एका महिन्यात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, त्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यावी, आणि पुढच्या पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने पैसे खात्यात जमा करावेत, असा नियम आहे. म्हणजे कागदावर हिशेब दोन महिन्यांचा. आमच्या बाईंना सात महिने लागले. एकदा नक्कल अस्पष्ट म्हणून अर्ज परत आला, एकदा पासबुकावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. म्हणून माझे सांगणे असे की, कागद देताना नावे जुळवून पाहा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. सरकारी कचेरीत पोच हीच लक्ष्मी.

आता वाचकहो, एक आकडा ऐका. 2022 या एका वर्षात देशात धडक देऊन वाहन पळून गेल्याचे 67,387 अपघात नोंदले गेले आणि त्यांत 30,486 माणसे मेली. आणि पाच वर्षांत मिळून या भरपाईचा लाभ किती जणांना पोचला? मृत्यूची 660 प्रकरणे आणि दुखापतीची 113. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या जानेवारी 2024 च्या आदेशात नमूद केले आहेत. पैसे नव्हते असे नाही. मागणारेच आले नाहीत, कारण मागता येते हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

म्हणून त्याच आदेशात न्यायालयाने ही जबाबदारी पोलिसांवर टाकली. गुन्हा नोंदल्यापासून एक महिन्यात वाहनाचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना अशी भरपाई मागता येते हे लेखी कळवायचे, आणि अपघाताचा अहवाल चौकशी अधिकाऱ्याकडेही पाठवायचा. तेव्हा आपल्या ओळखीत असा प्रसंग ओढवला असेल, तर महिना उलटताच ठाण्यात जाऊन नम्रपणे विचारा, "साहेब, ते पत्र कुठे आहे?" नम्रपणा सोडू नका, पण प्रश्नही सोडू नका.

आणखी एक भीती लोकांच्या मनात असते. हे दोन लाख घेतले आणि उद्या गाडी सापडली तर? तर काही बिघडत नाही. न्यायाधिकरणाकडे पूर्ण भरपाईचा दावा करता येतो. तिथे रक्कम मिळाली की त्यातून हे आधी घेतलेले पैसे वळते करून घेतात, एवढेच. दोन लाख घेतल्याने पुढचे दार बंद होत नाही.

आणि ते पुढचे दार केवढे मोठे असते पाहा. आमचा गवंडी महिना बारा हजार मिळवीत होता असे धरू. गाडी सापडली असती, तर न्यायाधिकरणाने हिशेब साधारण असा केला असता: वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून भावी वाढीचे चाळीस टक्के मिळवायचे, म्हणजे 16,800. घरात चार माणसे अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले 12,600. वर्षाचे झाले 1,51,200. चौतीस वर्षांच्या माणसाला गुणक सोळा. एकूण 24,19,200 रुपये, आणि वर इतर किरकोळ बाबी. तोच माणूस, तेच घर, तीच दोन मुले. पत्र्याच्या पट्टीवरचे चार आकडे कोणी टिपले असते तर चोवीस लाख, नाही टिपले म्हणून दोन लाख. गेलेल्या जिवाची किंमत नंबरप्लेटवर ठरावी, हे मला या व्यवसायात इतकी वर्षे काढूनही पचलेले नाही.

म्हणूनच रस्त्यावर अपघात पाहिलात तर नंबर टिपा आणि जखमीला दवाखान्यात पोचवा. "नको ती झंझट" हे जुने कारण आता चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे, आणि त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. शिवाय मे 2025 पासून अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, विनाशुल्क उपचारांची योजना आहे. गाडी पळालेली असो की बिनविम्याची असो.

आता दुसरे प्रकरण. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीच्या स्कूटरला टेम्पोने धडक दिली आणि तिचा पाय गुडघ्याखाली मोडला. टेम्पो जागेवरच सापडला, पण त्याच्या विम्याची मुदत संपून चार महिने झाले होते. मालक सज्जनाचा चेहरा करून दवाखान्यात आला, दहा हजार रुपयांचे पाकीट खाटेवर ठेवले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाला, "विमा नाही म्हणजे कोर्टातही काही मिळायचे नाही. आपसात मिटवून टाकू." वडील भिडस्त. ते पाकीट घेऊन माझ्याकडे आले.

मालकाचे म्हणणे साफ खोटे होते. विमा नसला म्हणजे विमा कंपनी सुटते, मालक सुटत नाही. भरपाईचा हुकूम मालक आणि ड्रायव्हर यांच्यावर होतो, आणि पैसे भरले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. "गाडी मी केव्हाच विकली" हा बहाणाही चालत नाही. आर. सी. बुकावर ज्याचे नाव, तो मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. आणि ड्रायव्हरकडे परवाना नव्हता, एवढ्याने हातपाय गाळू नका. गाडीचा विमा चालू असेल, तर पुष्कळदा न्यायालय कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते.

बिनविम्याच्या गाडीबाबत खरी नाडी आहे ती गाडीच. 2018 च्याच आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी गाडी पुरेसे तारण घेतल्याशिवाय सोडू नये, आणि तीन महिन्यांत तारण दिले नाही तर तिचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी. आम्ही त्यासाठी ताबडतोब अर्ज दिला. टेम्पो ठाण्याच्या आवारात अडकला, धंदा बसला, आणि ज्या मालकाजवळ दहा हजारांच्या वर दमडी नव्हती, त्याला दीड महिन्यात तारण द्यायला मालमत्ता सापडली. दाव्याचा निकाल व्हायचा आहे. मुलगी अजून काठी घेऊन चालते, पण परीक्षेला बसली.

दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करावा असे कायदा सांगतो. मुदत टळली असली तरी निराश होऊन घरी बसू नका, वकिलाला गाठा. दावा आपल्या राहत्या जागेच्या न्यायाधिकरणातही लावता येतो. वकिलाच्या फीची काळजी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

शेवटी एक घरगुती गोष्ट. आपल्या स्वतःच्या दुचाकीच्या विम्यात मालक-चालकाचा 15 लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असू शकतो. धडक देणारा पळाला तरी तो लागू पडतो. किती घरांत हा कागद कपाटात पडून राहतो आणि वारसांना पत्ताच नसतो! लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजता, तेव्हा ही पॉलिसीही चौरंगावर मांडा, मुदतीची तारीख वाचा, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरच्या माणसांना सांगा. भाऊबीजेला बहिणीकडे निघाल तेव्हा ओवाळणीचे पाकीट विसरणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो कागद तेवढा विसरू नका. दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो.