राज्य कुणावर आहे?

दर मे महिन्यात तो मेसेज येतो. यंदाही आला. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस, विषामृत, आबादुबी अशी खेळांची लांबलचक यादी, मध्ये मध्ये डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष: असं बालपण जगलेली आपली पिढी शेवटची, आताच्या मुलांच्या हातात मोबाइल आला आणि त्यांचं सगळं हरवलं. वाकडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या मेसेजला पन्नासेक अंगठे आणि बदाम मिळाले.

ज्या गृहस्थांनी तो टाकला, त्यांनीच चार दिवस आधी त्याच ग्रुपवर कमिटीची नोटीस टाकली होती. पार्किंगमध्ये आणि पोडियमवर चेंडूने खेळण्यास सक्त मनाई आहे, नुकसान झाल्यास पालकांकडून भरपाई घेतली जाईल. त्या नोटिशीलाही जवळजवळ तेवढेच अंगठे होते. त्यातला एक माझा.

माझ्याकडे कारण होतं. गाडी नवीन, हप्ते चालू, आणि एका संध्याकाळी रबरी चेंडूने डाव्या बाजूचा आरसा फुटला. तिसऱ्या मजल्यावरचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा स्वतःहून दारात आला, "काका, माझ्याकडून झालं" म्हणाला. त्याच्या वडिलांनी लगेच पैसे पाठवले, मी घेतले. नंतर आलेल्या नोटिशीला अंगठाही दिला. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा लॉबीतल्या सोफ्यावर आणखी तिघांबरोबर मोबाइलमध्ये मान घालून बसलेला दिसला. लिफ्टची वाट बघणाऱ्या एक काकू मला म्हणाल्या, "बघा, ही आजकालची मुलं." मी मान डोलावली. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला स्वतःची लाज वाटायला लागली होती, आणि हा लेख त्या लाजेतून लिहितो आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. मोबाइलने खेळ मारले ही आपण मोठ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी रचलेली गोष्ट आहे. आधी आपण जागा घेतली, मग वेळ घेतला, मग मुलांना त्यांचं त्यांना सोडून देणं बंद केलं. त्या रिकाम्या जागेत मोबाइल नंतर येऊन बसला.

पुरावा माझ्याच बालपणातला आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. दिवसभर यंत्रमागांची खडखड आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट. तो कुणाचा होता, आम्हाला कधी कळलं नाही. भावाभावांची कोर्टात केस चालू होती एवढंच ऐकून होतो, आणि ती केस कधीच संपू नये अशी आमची मनापासून इच्छा होती. एका कोपऱ्यात वेडी बाभूळ, मध्ये उंचवटा, पावसाळ्यात डबकं. क्रिकेट होतंच. एक टप्पा आउट, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, भिंतीपलीकडे गेला तर आउट आणि चेंडूही त्यानेच आणायचा. पण अंधार पडू लागला की चेंडू दिसेनासा व्हायचा आणि डबा ऐसपैस सुरू व्हायचा. उन्हाळ्याच्या सुटीत विटीदांडू.

विटीदांडूत अंतर मोजताना आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल असं म्हणायचो. मला ते खेळातले जादूचे शब्द वाटत. एकदा शेजारच्या पद्मशाली मित्राच्या आजीने ते ऐकलं आणि हसत बोटं मोजून दाखवली: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. तेलुगूतले एक, दोन, तीन, चार. ज्याला आपण अस्सल मराठमोळा खेळ म्हणून कवटाळतो, त्याचे आकडे शेजारणीच्या भाषेतले निघाले. कुणी शिकवायला गेलं नव्हतं आणि कुणी आयात करायला गेलं नव्हतं. मुलं एका जागी जमली की शब्द आपोआप इकडून तिकडे जातात, एवढंच.

२००८च्या सुमाराला ती केस मिटली. महिन्याभरात पत्रे ठोकले गेले, मग खड्डा, मग खालच्या मजल्यावर दुकानं असलेली इमारत. आम्ही काही दिवस रस्त्यावर खेळून पाहिलं. रिक्षा, टेम्पो आणि सुताचे गठ्ठे नेणाऱ्या हातगाड्यांमध्ये ते जमेना. मग आम्ही पायऱ्यांवर बसू लागलो. मग टीव्ही. मग दहा रुपये तासाच्या सायबर कॅफेत गाड्या पळवण्याचे गेम. आणि घरातली मोठी माणसं म्हणू लागली, या टीव्ही-कॉम्प्युटरने पोरं बिघडवली. तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत एकाच्याही हातात स्मार्टफोन नव्हता. आमचा खेळ मोबाइल यायच्या आधीच मेला होता आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तेव्हाही कुठलंतरी यंत्रच उभं होतं.

मोबाइल निष्पाप आहे असं मी म्हणणार नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माणूस ॲपवर किती वेळ थांबला, हा आकडा रोज सकाळी आमच्या टीमसमोर असतो आणि तो वाढला की सगळे खूश होतात. नोटिफिकेशन किती वाजता पाठवलं की बोट जास्त वेळा पडतं, हे शोधण्यात मी कामाचे कित्येक दिवस घालवले आहेत. म्हणून तर खात्रीने सांगतो: ज्याला खाली चार भिडू हाका मारत आहेत, अशा मुलाला धरून ठेवणं आम्हाला फार अवघड जातं. एकटं, कंटाळलेलं आणि जायला कुठेच जागा नसलेलं माणूस हे आमचं सोपं गिऱ्हाईक. असं गिऱ्हाईक सोसायटीची कमिटी आम्हाला आयतं पुरवते.

आता जागेचा हिशोब करू. एका मोठ्या गाडीच्या पार्किंगला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. दहा गाड्या आणि वर थोडी जागा, झालं कबड्डीचं मैदान. आमच्या सोसायटीत १४० फ्लॅट आहेत आणि गाड्या त्याहून जास्त. माझी गाडी दिवसातले बावीस तास नुसती उभी असते, आणि ज्या दिवशी मी घरून काम करतो त्या दिवशी चोवीस तास. तिच्यासाठी आखलेली पांढरी चौकट आहे, नंबर आहे, आणि दुसऱ्या कुणी तिथे गाडी लावली तर भांडायला नियम आहेत. मुलांसाठी आखलेली अशी एक चौकट सोसायटीत दाखवा.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या आराखड्यात दहा टक्के मोकळी जागा करमणुकीसाठी सोडावी लागते. आमच्याकडेही ती आहे. तिच्यावर हिरवळ आहे, हिरवळीवर चालू नये अशी पाटी आहे आणि कडेने ज्येष्ठांसाठी बाक आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करतं, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. कागदावर मूल खेळतंच आहे.

यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत, कारण मीही ती दिली आहेत. पहिलं, दिवस चांगले नाहीत, मुलांना एकटं कसं सोडणार? काळजी खरी आहे. आमच्या गेटबाहेरच्या रस्त्यावरून सिमेंट मिक्सर आणि पाण्याचे टँकर धावतात, तिथे मी कुठल्याही मुलाला पाठवणार नाही. पण त्या रस्त्यावर गर्दी कुणाची आहे? आपल्याच गाड्यांची, आपल्याच इमारतींना पाणी आणणाऱ्या टँकरांची. रस्ता आपण धोक्याचा केला, म्हणून मुलांना गेटच्या आत घेतलं, आणि आत घेतल्यावर नोटीस लावली.

दुसरं उत्तर, आमच्याही वेळी ओरडणारे लोक होते. होते की. आमच्या प्लॉटशेजारचे एक निवृत्त आजोबा भिंतीपलीकडे आलेला चेंडू विळीवर कापून परत फेकायचे. पण ते एक माणूस होते. त्यांची दुपारची झोप कधी असते ते आम्हाला ठाऊक होतं, त्यांना दूध आणून दिलं की आठवडाभर चेंडू साबूत परत यायचा. नोटिशीला दूध आणून देता येत नाही.

तिसरं उत्तर म्हणजे मे महिन्यातला 'पारंपरिक खेळ महोत्सव'. आमच्याकडे तोही झाला. नावनोंदणीला क्यूआर कोड, हातात माइक घेतलेला निवेदक, चेन असलेल्या पिशवीतून आलेली ऑनलाइन मागवलेली लगोरी, तीन गटांत स्पर्धा, शेवटी मेडल आणि फोटो. दोन तासांत बालपण वाटून संपलं. त्यात मुलांना ठरवायला काहीच नव्हतं. आम्ही खेळण्यात जितका वेळ घालवायचो, तितकाच भांडण्यात घालवायचो. आउट होता की नव्हता, कोण रडी खातो, राज्य कुणावर. त्यातूनच नियम व्हायचे. कुणाचा धाकटा भाऊ गळ्यात पडला असेल तर त्याला कच्चा लिंबू करायचा. म्हणजे तो खेळणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. दहा वर्षांच्या मुलांनी पाच वर्षांच्या मुलासाठी काढलेली ही तोड. कुठल्याही मोठ्या माणसाने ती शिकवली नव्हती. स्पर्धेच्या फॉर्ममध्ये कच्चा लिंबूचा रकाना नसतो.

आणि त्या मेसेजमधल्या 'आपण सगळे' या शब्दांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. सगळे म्हणजे कोण? माझी बहीण लगोरीत माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. बारावं लागलं आणि तिचं संध्याकाळी प्लॉटवर येणं बंद झालं. कुणी मनाई केली नाही, फक्त रोज त्याच वेळी पोळ्या लाटायला हाक येऊ लागली. ज्याच्या आजीने मला तेलुगू आकडे शिकवले, त्याची आई घरी विड्या वळायची. दिवसाचा आकडा पुरा होत नसला की तोही सुपाशी बसून विड्यांची टोकं बंद करायचा. आम्ही दाराशी उभे राहून हाका मारायचो आणि तो आतून "अजून दोनशे राहिल्यात बे" म्हणायचा. कधी थांबायचो, कधी त्याच्याशिवाय डाव मांडायचो. आज तो त्या यादीवर बदाम देईल का, मला माहीत नाही. तेव्हा खेळ प्रत्येकाच्या वाट्याला आला नव्हता, आणि आजही येत नाही. आमच्या सोसायटीमागे बांधकाम चालू आहे. तिथल्या मजुरांची मुलं वाळूच्या ढिगावर मनसोक्त खेळतात. त्यांना पाहून कुणी बालपणीच्या आठवणीने गहिवरत नाही. वॉचमनला सांगतात, ती मुलं आत येणार नाहीत ते बघ.

म्हणून माझी मागणी विटीदांडू परत आणा अशी नाही. मुलांना काय खेळायचं ते त्यांचं ती ठरवतील, त्यांचे शब्दही ती कुठूनतरी उचलतील. त्यांना जागा द्या, रोजचे दोन तास द्या आणि मग तिथून बाजूला व्हा. मी कमिटीला लेखी दिलं की संध्याकाळी पाच ते सात एका विंगचं पोडियम गाड्यांपासून मोकळं ठेवावं, त्यात माझीही जागा येते. सभेत विषय निघाला. "चांगली भावना आहे" असं सगळे म्हणाले, गाड्या कुठे न्यायच्या यावर वीस मिनिटं बोलणं झालं, आणि बाजूने सात हात वर झाले. महोत्सवाचा खर्च मात्र एकमताने मंजूर झाला.

आमच्या खेळात एक अलिखित नियम होता. राज्य आल्यावर घरी पळून जाणारा पोरगा सगळ्यात वाईट. त्याला दुसऱ्या दिवशी कुणी भिडू म्हणून घ्यायचं नाही. आज राज्य आपल्यावर आहे, आणि आपण तो मेसेज फॉरवर्ड करून घरी पळतो आहोत.

परवा ऑफिसातून लवकर आलो. माझ्या रिकाम्या पार्किंगच्या चौकटीत खडूने लंगडीची घरं आखलेली होती आणि चार मुली फरशीचा तुकडा टाकून खेळत होत्या. मी ब्रेक लावला, हॉर्न वाजवला नाही. तरी हेडलाइट दिसताच त्यांनी तो तुकडा उचलला आणि न बोलता खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मी काच खाली करून "खेळा, खेळा" म्हटलं आणि गाडी मागे घेऊन गेटजवळ लावली. तेवढ्यात वॉचमन आला. "साहेब, इथं नाही लावता येणार. तुमची जागा आहे ना आत?"