‘टू’ लावू की ‘आयएनजी’? आधी मराठीला विचारा!



या आठवड्याचा व्हिडिओ पाहून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “सर, धंद्याच्या चॅनलवर इंग्रजीचं व्याकरण कशाला?” म्हणून आधी एक किस्सा.

वाळूजला छोटं युनिट चालवणारे एक उद्योजक माझ्या बॅचला होते. कस्टमरचा मेल आला: “प्लीज रिमेंबर टू सेंड द टेस्ट सर्टिफिकेट.” यांनी लगेच उत्तर दिलं: “येस सर, आय रिमेंबर सेंडिंग द सर्टिफिकेट.” यांना म्हणायचं होतं, ‘पाठवायचं लक्षात आहे.’ समोरच्याने वाचलं, ‘पाठवल्याचं लक्षात आहे.’ तो आपला मेलबॉक्स धुंडाळत बसला, हे इकडे निवांत. सर्टिफिकेटशिवाय माल इनवर्ड होईना, आणि इनवर्ड झाल्याशिवाय बिल पास होईना. माल चोख, माणूस प्रामाणिक, पण पेमेंट आठवडाभर लटकलं.

आता वरचे दोन मराठी शब्द पुन्हा वाचा. ‘पाठवायचं’ आणि ‘पाठवल्याचं’. हा फरक आपल्याला कोणी शिकवावा लागला का? नाही. म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे: कोणत्या क्रियापदाला ‘टू’ आणि कोणत्याला ‘आयएनजी’, याच्या लांबलचक याद्या घोकणं आधी थांबवा. जिथे अर्थच बदलतो, म्हणजे जिथे पैसे अडकतात, ती मोजकी क्रियापदं पक्की करा. आणि ती मराठीतूनच करा.

१. रिमेंबर: काम व्हायचंय तर ‘रिमेंबर टू सेंड’. काम झालंय तर ‘रिमेंबर सेंडिंग’.

२. स्टॉप: ‘माल देणं थांबवलं’ म्हणजे ‘स्टॉप्ड सप्लाइंग’. ‘चहा प्यायला थांबलो’ म्हणजे ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. तुम्ही ‘वुई स्टॉप्ड टू सप्लाय’ लिहिलंत, तर अर्थ होतो की माल द्यायला थांबलात! सगळा उलटा कारभार.

३. ट्राय: ‘फोन करायचा प्रयत्न करा’ म्हणजे ‘ट्राय टू कॉल’. ‘फोन करून तर बघा’ म्हणजे ‘ट्राय कॉलिंग’.

४. रिग्रेट: ‘कळवण्यास खेद होतो’ म्हणजे ‘रिग्रेट टू इन्फॉर्म’. ‘कळवल्याचा पस्तावा होतोय’ म्हणजे ‘रिग्रेट इन्फॉर्मिंग’. भाववाढीचं पत्र लिहिताना यातलं कोणतं हवं, ते तुम्हीच ठरवा.

काही जण सांगतात, “इंग्रजी शिकायचं तर मराठीतून विचार करणं सोडा.” मला हे पटत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवूनच इंग्रजीत पत्रव्यवहार केला. मराठीचा आधार म्हणजे कमीपणा नव्हे.

पण एक खरं, हा आधार सगळीकडे चालत नाही. ‘तुमच्यासोबत काम करायला आवडतं’ यात मराठीत ‘करायला’ आहे, म्हणून आपण बिनधास्त ‘एन्जॉय टू वर्क’ लिहितो. ते चूक. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट यांच्यामागे ‘टू’ लागत नाही, ‘आयएनजी’च येतं. उलट वाँट, अग्री, डिसाइड, प्रॉमिस यांना ‘टू’च लागतं. एवढी आठ पाठ करा, माझी हरकत नाही.

आणि शेवटी मेलची ती नेहमीची ओळ: “लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.” चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत हीच चूक दिसते. सोपी कसोटी सांगतो. ‘टू’नंतर एखादं नाम ठेवून बघा: “लुकिंग फॉरवर्ड टू युवर ऑर्डर.” बसतंय ना? मग तिथे क्रियापद ठेवायचं झालं तर त्यालाही नामासारखंच बसवायचं: “टू मीटिंग यू.” “कमिटेड टू डिलिव्हरिंग ऑन टाइम” हेही तसंच.

मीटिंगमध्ये बोलताना चुकलात तर चुकू द्या. समोरचा माणूस तुमचा चेहरा बघून समजून घेतो, नाहीतर पुन्हा विचारतो. मेलला चेहरा नसतो, आणि वाद झाला की तोच कागद पुरावा म्हणून समोर येतो.

आजचा गृहपाठ: तुम्ही पाठवलेले शेवटचे दहा मेल उघडा. त्यात रिमेंबर, स्टॉप, ट्राय, रिग्रेट शोधा. प्रत्येक वाक्य मोठ्याने मराठीत म्हणा. काम झालंय की व्हायचंय, हे तुमचा कानच सांगेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात करा, आणि मेल जपून लिहा!