टोमॅटो कोरडे, ड्रायव्हर ओला

आपल्याकडे दोन पंथ फार जोरात आहेत. एक 'बघू या' म्हणणाऱ्यांचा आणि दुसरा 'फासू या' म्हणणाऱ्यांचा. पहिल्या पंथावर कधी लिहायचे ते बघू या. आजचे भांडण दुसऱ्याशी आहे. गाडीच्या केबिनमध्ये पावसाचे पाणी आले की ते कुठून आले याची चौकशी न करता, जिथे ओले दिसेल तिथे सिलिकॉनची नळी पिळून 'झालं काम, शेठ' म्हणणारा जो महाभाग, तो दुरुस्ती करत नाही. तो पुरावा नष्ट करतो.

एवढे कडक बोलायला कारण घडले आहे. आमचे मेहुणे पिकअपमध्ये टोमॅटो भरून नारायणगावहून निघतात आणि माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात जातात. मागच्या हौद्यात क्रेटवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी आणि दोरीला अशी गाठ की टोमॅटोच्या अंगाला थेंब लागत नाही. पुढे केबिनमध्ये मात्र मेहुणे मांडीवर प्लॅस्टिकचा कागद पसरून बसलेले. घाटात ब्रेक दाबला की छताच्या अस्तरात साठलेले पाणी पुढे धावते आणि थेट त्यांच्या मानेवर अभिषेक होतो. टोमॅटो कोरडे, ड्रायव्हर ओला. जगात मालाची काळजी घेणारे पुष्कळ भेटतात. माल वाहणाऱ्याची घेणारा विरळा.

तीन पावसाळ्यांत तीन गॅरेजवाल्यांनी ही गाडी पाहिली, म्हणजे फासली. तिघांचे तीन सिद्धान्त होते आणि तिघांच्या हातात नळी एकच होती.

पहिला म्हणाला, "पाऊसच तसा झाला, शेठ." माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे पावसाचाही हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. केबिनचे छप्पर धरा दोन चौरस मीटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे तिथे उभ्या असलेल्या अशा एका छपरावर १,८८८ लिटर पाणी पडले. गच्चीवरची हजार लिटरची टाकी जवळजवळ दोनदा भरेल इतके. पण धड छपराला दोन लिटर काय आणि दोन हजार काय, सगळे बाहेरच्या बाहेर! आणि छपराला भोक असेल तर त्याला आषाढाची गरज नाही, गाडी धुवायला घेतली तरी पुरते. पावसावर आळ घेणे म्हणजे कॅशमध्ये पैसे कमी भरल्यावर 'आज गर्दीच तशी होती' असे म्हणण्यासारखे आहे. आमचे मॅनेजर हे ऐकून घेत नाहीत.

दुसरा म्हणाला, "जुनी गाडी आहे, गळणारच." रबर म्हातारे होते, कडक होते, त्याला भेगा पडतात, हे मान्य. पण मग कुठले रबर ते सांगा ना! दाराचे, पुढच्या काचेचे की मागच्या छोट्या काचेचे? नाव सांगा, नवे आणतो. नुसते 'वयोमानानुसार' एवढेच निदान डॉक्टरने केले, तर आपण दुसरा डॉक्टर गाठतो.

तिसरा सगळ्यांत धोकादायक. तो म्हणाला, "जिथं पाणी दिसतंय, तिथंच भोक." वाचकहो, पाणी हे सरकारी अर्जासारखे असते. ते एका टेबलावर दाखल होते आणि तिसऱ्याच टेबलाखाली सापडते. छपरावरच्या कॅरियरसाठी पाडलेल्या भोकातून ते शिरते, अस्तरावर साठते, काचेशेजारच्या खांबाच्या पोकळीतून खाली उतरते आणि क्लिनरच्या पायाशी डबके करते. वायपरखालच्या जाळीत पाने साचून निचरा तुंबला, तर ब्लोअरला हवा मिळते त्या वाटेने आत येऊन तेही क्लिनरच्याच पायाशी थांबते. इंजिनाकडून वायरी आत येतात तिथले रबरी बूच निसटले, तरी मुक्काम तोच. डबके एक, संशयित तीन. उन्हाळ्यातही तिथे पाणी दिसले तर पाऊस निर्दोष. एसीची तुंबलेली नळी तपासा. अशा वेळी डबक्याभोवती सिलिकॉन फासणे म्हणजे प्रेताला बेड्या घालून खुनी पकडल्याचा आनंद मानणे.

याच तिसऱ्या विद्वानाने कळस केला तो दाराच्या बाबतीत. दाराच्या खालच्या कडेला त्याला बारीक भोके दिसली. भोक दिसले आणि हातात नळी आहे. मग काय विचारता! त्याने ती सगळी बुजवली. आता ऐका. दारात पाणी शिरणे हा दोष नाही, ती धरून चाललेली गोष्ट आहे. काच वरखाली व्हायची तर तिच्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोटात जाणारच. ते निमूट बाहेर पडावे म्हणून खाली भोके ठेवलेली असतात, आणि केबिनमध्ये येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो पडदा स्पीकर बसवणाऱ्याने आधीच फाडला होता, आणि आता भोकेही बंद. मेहुणे सांगायचे, "दाजी, दार लावलं की आतून माठ हिंदकळल्यागत आवाज येतो." येणारच. ते दार राहिलेच नव्हते, पाण्याची टाकी झाली होती, आणि टाकीला आतून गंज चढत होता.

फासलेला पदार्थही साधा समजू नका. ज्या सिलिकॉनला शिर्क्यासारखा आंबूस वास येतो, ते सुकताना खरोखरच शिर्क्यातले आम्ल सोडते. उघड्या पत्र्याला ते गंजवते. शिवाय एकदा सिलिकॉन फासले की त्यावर रंग धरत नाही, की दुसरा चांगला मसाला चिकटत नाही. म्हणजे चुकीचे काम करून वर बरोबर कामाची वाटही बंद.

बँकेतल्या कारकुनाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. फरक शोधणे हाच माझा धंदा आहे. हिशेब जुळेना की आमच्यातला आळशी माणूस तो फरक सस्पेन्स खात्यात टाकतो आणि सहाच्या ठोक्याला डबा उचलतो. कष्टाळू माणूस फरकाला ९ ने भागून बघतो. भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव, म्हणून ६३ चे ३६ कुठे झाले ते शोधतो. सिलिकॉन हे गाडीचे सस्पेन्स खाते आहे. फरक तिथे मिटत नाही, फक्त दिसेनासा होतो.

म्हणून एका रविवारी आम्ही गाडीचा हिशेब तपासायला घेतला. जमिनीवरचे मॅट काढले, आतला भाग पुसून कोरडा केला. भाचा बॅटरी घेऊन केबिनमध्ये, मी बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. धार बारीक, आणि सुरुवात खालून: आधी दाराची कड, मग काचेची खालची कड, मग वरची, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी पाच मिनिटे. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या सांध्यांवरून ओघळते आणि सगळेच आरोपी एकदम ओले होतात. दाराच्या रबरासाठी बँकेची पैसे काढायची स्लिप दारात धरून दार लावले. ओढताना अडखळली तर रबर धड, सुळकन निघाली तर तिथे दाब नाही. पैसे न काढता त्या स्लिपचा इतका उपयोग मी प्रथमच पाहिला.

धार छपरावर गेली तशी आतून आरोळी आली, "मामा, आलं!" कॅरियरचा एक बोल्ट. जाळीतून मूठभर कुजलेली पानेही निघाली. बोल्ट काढून गंज खरवडला, प्रायमर लावला, रबरी वॉशर आणि गाडीच्या सांध्यांचा योग्य मसाला लावून तो परत बसवला, दाराची भोके मोकळी केली, पडदा नवा चिकटवला. खर्च एका वेळच्या फासण्यापेक्षा कमी.

हे सगळे एका ओल्या मानेसाठी नव्हे. पाणी खांबातून उतरते त्या वाटेवर डॅशबोर्डखाली फ्यूजचा डबा आहे. गेल्या श्रावणात माळशेजच्या धुक्यात, रात्री, मेहुण्यांचे दिवे आणि वायपर एकदम बंद पडले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. त्यांनी गाडी अंदाजाने कड्याला चिकटवली आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिले. मागे ताडपत्रीखाली टोमॅटो निवांत होते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी नळी घेऊन गाडीजवळ आला तर आधी त्याचा हात धरा आणि विचारा, "पाणी कुठनं येतंय?" तो बहुधा म्हणेल, "बघू या." सोडू नका. त्याला आत बसवा, बॅटरी हातात द्या आणि खरोखरच बघायला लावा. या एका कामापुरता तो पहिला पंथ आपल्याला चालेल.