वसियत फक्त जमिनीची नसते

अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली. रोह्यातल्या घरी त्यांना दम लागला. तिथून पेणला आणि पेणहून पनवेलच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. पुढचे अकरा दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. फुप्फुसं आधीच निकामी होत आलेली, त्यात किडन्याही गेल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, सुधारण्याची आशा नाही, पुढचं घरच्यांनी ठरवा.

आम्ही तीन भावंडं. भाईजान कुवेतला, आपा पेणला दिलेली, मी नवी मुंबईत नोकरीला. भाईजान व्हिडिओ कॉलवर म्हणत होता, “पैशाची काळजी करू नका, काहीही थांबवू नका.” आपा म्हणत होती, “त्यांना घरी नेऊ या, शेवटी कानावर कलमा पडू दे.” मी दोघांनाही हो म्हणत होतो आणि मॉनिटरवरचे आकडे बघत बसलो होतो. अब्बांना स्वतःला काय हवं होतं, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. सातबाऱ्यापासून वीजबिलापर्यंत प्रत्येक कागद फायलीत लावणाऱ्या माणसाला आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं.

अकराव्या रात्री ते गेले. मग भाईजानचं विमान येईपर्यंत मय्यत शीतपेटीत ठेवली. दफन झालं, लोक गेले, आणि आपा भाईजानला म्हणाली, “तू त्यांना सुखाने जाऊ दिलं नाहीस.” तो म्हणाला, “तुला त्यांना लवकर मोकळं करायचं होतं.” पुढे वर्षभर दोघं बोलले नाहीत.

आपल्या समाजात अशी घरं कमी नाहीत. मुलगा आखातात, मुलगी सासरी, म्हातारे आई-वडील गावात. दूर असलेल्याला अपराधी वाटतं, म्हणून तो सगळे उपचार मागतो. जवळ असलेला रोज यातना बघतो, म्हणून तो थांबा म्हणतो. प्रेम दोघांचंही असतं. ज्याच्या शरीराचा प्रश्न असतो, त्याचाच आवाज तेवढा नसतो.

हा विषय काढला की पहिलं उत्तर येतं, “तौबा, असं बोलू नये. जीव घेणं अल्लाहच्या हातात आहे.” अगदी खरं. इंजेक्शन देऊन मारणं हराम आहे आणि भारतात गुन्हाही आहे. पण मरण लांबवणारं यंत्र नको म्हणणं ही वेगळी गोष्ट. मी संगणक अभियंता आहे, आलिम नाही. अब्बांनंतर मात्र वाचलं, विचारलं. उपचार घेणं जायज आहे, आपण कोकणी मुसलमान ज्या शाफई मसलकाचे आहोत त्यात तर मुस्तहब आहे. पण बहुतेक फकीहांनी ते सरसकट फर्ज ठरवलेलं नाही. जिथे बरं होण्याची खात्री आहे आणि औषध न घेतल्याने जीव जाईल, तिथे घ्यावंच, असं अनेक आलिम सांगतात. आमच्या अब्बांची स्थिती तशी नव्हती. मेंदू पूर्ण मृत झाल्यावर यंत्रं काढता येतात, हे तर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1986 मध्येच अम्मानला मान्य केलं.

सहीह बुखारीतली एक रिवायत मला विसरता येत नाही. शेवटच्या आजारात रसूलुल्लाह (स.) यांच्या तोंडात घरच्यांनी औषध घातलं. ते खुणेने नको म्हणत होते. घरच्यांना वाटलं, आजारी माणसाला औषध नकोसं वाटतंच. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं नव्हतं का? हजरत आयेशांनी सांगितलेला हा प्रसंग कितीदा ऐकला असेल, पण आजाऱ्याचं ‘नको’ ऐकायचं असतं, हे त्यातून आम्ही घेतलंच नाही.

कायदाही आता सोबत आहे. अरुणा शानबाग केईएममध्ये एकेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्याबाबतच्या 2011 च्या निकालाने देशात या प्रश्नाला तोंड फुटलं. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाने लेखी लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं द्यायची. एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. मन बदललं तर कागदही बदलता येतो. आणि कागद आहे म्हणून कुणी उद्या नळी काढत नाही: आजार बरा होणारा नाही, असं डॉक्टरांच्या दोन मंडळांनी ठरवावं लागतं.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर मी अम्मीला विचारलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “बरं झालं विचारलंस. डायलिसिसने बरं वाटणार असेल तर करा. नळ्या घालून बांधून ठेवू नका. आणि जिथे जाईन तिथेच दफन करा. आपाकडे असले तर पेणला. कुणाच्या विमानासाठी मला बर्फात ठेवू नका.”

भाईजान फोनवर होता. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “म्हणजे मी तुझं तोंडही बघायचं नाही?”

“तोंड बघायचं तर आत्ता ये,” अम्मी म्हणाली.

तो डिसेंबरमध्ये पंधरा दिवस येऊन गेला. कागदावर आपाचं आणि माझं नाव आहे. दफनाचं तिने वसियतीत वेगळं लिहिलं. भाईजानला अजून सगळं पटलेलं नाही. पण आता त्याचा वाद अम्मीशी आहे, आपाशी नाही. आणि त्याला उत्तर द्यायला अम्मी आहे.

ज्याच्याकडे वसियत करण्याजोगं काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत, असं हदीसमध्ये आहे. आपण त्याचा अर्थ जमीन आणि सोनं एवढाच घेतला. आपलं शरीर ही तर अल्लाहची अमानत. तिच्याबद्दल दोन ओळी लिहायला नकोत?

एक काम आपण गावपातळीवर करू शकतो. पेण किंवा रोहा अष्टमी नगरपरिषदेत जा, हे कागद कोणता अधिकारी स्वीकारतो ते विचारा आणि त्याचं नाव मशिदीच्या फलकावर लावा. दुसरी मागणी याहून मोठी आहे. ‘घरी घेऊन जा’ म्हणजे ‘वाऱ्यावर सोडा’ असं होऊ नये. दुखणं आणि धाप कमी करणारी सेवा घरापर्यंत यायला हवी, आणि ती पेण-रोह्याच्या सरकारी रुग्णालयांतून मिळायला हवी. आपा अब्बांना घरी आणू म्हणत होती तेव्हा माझ्याकडे एकच प्रश्न होता, रात्री त्यांना धाप लागली तर कुणाला फोन करायचा? त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.

या जुम्याला घरी जाल तेव्हा विचारा. अम्मी-अब्बांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. त्यांनी कदाचित आपल्या आधीच विचार करून ठेवला असेल, कुणी विचारायची वाट बघत असतील.