वाळूच्या पोत्यांची परीक्षा

माझा भाचा अमेरिकेत गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधतोय. तिथे अशा घरगुती विमानाच्या पंखांची भारचाचणी कायद्याने सक्तीची नाही. तो म्हणतो, "मामा, आराखडा तपासलेला आहे." अरे, आराखडा तपासला, तुझं काम कोणी तपासलं?

हवेत पंखावर जोर खालून वर येतो. म्हणून पंख उलटा बांधायचा आणि वर वाळूची पोती रचायची, बुंध्याकडे जास्त, टोकाकडे कमी. साध्या विमानासाठी भाराची नेहमीची मर्यादा वजनाच्या ३.८ पट. तेवढ्याला वाकला तरी चालेल, पोती काढल्यावर मात्र सरळ व्हायलाच हवा. त्याच्या दीडपट भार देऊन मोडून पाहायची गरज नाही.

पुस्तक बिनचूक म्हणून विद्यार्थी पास होत नाही, हे मास्तराला पक्कं ठाऊक. आणि शेजारच्या सीटवर आमची भाचेसून बसणार आहे. तुम्हीच सांगा, माझं काही चुकतंय का?